मोडलेल्या हाडाला रद्दीचा आधार

हाड मोडले की गर्दी जमते आणि गर्दीतला प्रत्येक जण घटकाभर डॉक्टर होतो. एक जण म्हणतो, "बोटे हलव बघू." बोटे हलली की दुसरा निकाल देऊन टाकतो, "हलतात ना? मग मोडले नाही, नुसते मुरगळले आहे." तिसरा पाय ओढून 'बसवायला' पुढे सरसावतो. चौथा बामची डबी उघडून चोळायला घेतो. तोवर पाचव्याने मोटारसायकल सुरू केलेली असते. मग एक पुढे, एक मागे, मध्ये जखमी आणि मोडलेला पाय लोंबकळतो आहे, अशी तिघांची स्वारी खड्ड्यांतून गचके खात दवाखान्याच्या दारात येते. तालुक्याच्या गावी गेली अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवताना हे दृश्य मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही.

या सगळ्यांचा हेतू चांगला असतो. जखमी आपला माणूस असतो, त्याच्या वेदना बघवत नाहीत. पण वाचकहो, हाड मोडताना जेवढे नुकसान होते, त्यात पुष्कळदा या प्रवासात भर पडते. ती टाळता येते. त्यासाठी औषध लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. लागते ती एखादी फळी, जुने धोतर आणि थोडे भान. डॉक्टर मंडळी ज्याला स्प्लिंट म्हणतात, ती घरातल्या वस्तूंतून कशी करायची, हे आज सविस्तर पाहू.

ओला बांबू मोडून पाहा. मोडलेल्या जागी टोकदार, धारदार कुसळे निघतात. हाडाचेही तसेच होते. त्या टोकांच्या अगदी शेजारून रक्तवाहिन्या आणि नसा गेलेल्या असतात. मोडलेला भाग हलला की ही टोके आतल्या आत सुरीसारखी फिरतात. मांस फाटते, रक्तस्राव वाढतो, नस चिमटते आणि एखादे टोक कातडी फोडून बाहेर आले की साध्या मोडीची उघडी मोड होते. उघड्या मोडीत जंतू शिरले, तर जे हाड एरवी दोन-तीन महिन्यांत जुळले असते, ते वर्षभर रोग्याला दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायला लावते. मांडीचे हाड तर विशेष दगाबाज. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर त्यातले एक ते दीड लिटर मांडीतच साठू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही, आणि माणूस पांढराफटक पडून घामाने थबथबतो. म्हणून मोडलेला भाग हलू न देणे हाच पहिला उपचार. शिवाय हाड स्थिर झाले की वेदना निम्म्याने कमी होतात. वेदनाशामक गोळीची गरज मागे पडते आणि रोगी आपोआप शांत होतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

ही काही पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगावर स्वतंत्र प्रकरण आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू यांचा आधार मोडलेल्या अवयवाला बांधावा, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाला तर सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही तिथेच दिला आहे. पुढे आपल्याकडच्या हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या बांधण्याची परंपरा टिकवली. त्यांनी कामट्या ठेवल्या, पण तो इशारा मात्र अनेकांनी सोडून दिला. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

हाडवैद्यांचा विषय निघाला म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. मांडीच्या हाडासाठी जगभर वापरली गेलेली 'थॉमस स्प्लिंट' ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो ह्यू ओवेन थॉमस इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला डॉक्टर. त्याचे वडील पिढीजात हाडवैद्य होते, त्यांच्याकडे पदवी नव्हती. पण त्यांनी मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिले. थॉमस १८९१ साली वारला. हयातीत त्याच्या स्प्लिंटला फारसे कोणी विचारले नाही. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा सर रॉबर्ट जोन्स याने ती लष्करात वापरात आणली. रणांगणावरच मांडी स्प्लिंटमध्ये घालून मग सैनिकाला हलवायचे, अशी पद्धत पडली आणि मांडीच्या जखमांनी मरणाऱ्या सैनिकांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. नवे औषध काही निघाले नव्हते. हलवण्याआधी बांधायचे, एवढाच काय तो बदल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

अपघात झाला की हाडाकडे सर्वांत शेवटी बघायचे. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालला आहे का, कुठून भळाभळा रक्त जाते आहे का, हे आधी पाहावे. रक्त जात असेल तर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाबून धरावे. कोणाला तरी १०८ क्रमांकाला फोन करायला सांगावे. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण आजही पुष्कळजण आधी भावकीतल्या जीपवाल्याला फोन करतात. रुग्णवाहिका लवकर येणार असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर फळी बांधायच्या भानगडीतही पडू नये. जखमीला आहे तसे ठेवावे, मोडलेल्या भागाला दोन्ही बाजूंनी उशी किंवा गुंडाळलेली चादर लावावी, हाताने आधार द्यावा, आणि त्याच्याशी बोलत बसावे. फळी हवी ती जखमीला आपल्यालाच हलवावे लागणार असेल तेव्हा. शेतात, घाटात, वाडीवस्तीवर ही वेळ येतेच.

मोडले की मुरगळले, याचा निकाल जागेवर लावू नये. तो क्ष-किरणाचा फोटो लावील. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत, ही समजूत साफ चुकीची. बोटे हलवणारे स्नायू आणि मोडलेले हाड यांचा तसा संबंध नसतो. दुखते आहे, सुजले आहे, वाकडे दिसते आहे, भार देता येत नाही, यातले काही असले तर मोडलेच आहे असे धरून चालावे. मुरगळलेल्या पायाला फळी बांधली तर बिघडत काहीच नाही.

मग बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, कडे, पैंजण, जोडवी काढून घ्यावीत. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण अर्ध्या तासात सूज चढते आणि मग तीच अंगठी बोटाचा फास होते. सौभाग्याचे लेणे म्हणून पुष्कळ बायका जोडवी काढू देत नाहीत. मी सांगतो, "आई, जोडवी दुसऱ्या पायात घाला, नाहीतर पदराच्या गाठीला बांधा, पण या पायातून काढा." असे सांगितले की बहुधा ऐकतात.

फळी कशाची करावी? जे ताठ आहे आणि हाताशी आहे त्याची. हाताच्या मनगटासाठी किंवा कोपराखालच्या हाडासाठी सर्वांत उत्तम वस्तू तुम्ही या क्षणी हातात धरून बसला आहात. वर्तमानपत्र! दहा-बारा पाने एकत्र घेऊन जाड घडी घाला. ती पन्हळीसारखी वळवा. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हात त्या पन्हळीत अलगद ठेवा आणि वरून दोन-तीन ठिकाणी कापडाच्या पट्ट्यांनी बांधा. कागद एकेकटा लुळा, पण घडी घातली की लाकडासारखा ताठ होतो. त्याशिवाय पुठ्ठ्याचे खोके, लाटणे, फूटपट्टी, मिटलेली छत्री, कपडे धुण्याचे धुपाटणे, काठी, झाडाची सरळ फांदी, बॅटचे दांडके, काहीही चालते. उसाच्या पट्ट्यात तर आधाराचा दुष्काळच नाही. चार-पाच कांडी सरळ ऊस, त्यावर गोधडीची घडी, की पायाची फळी तयार. ट्रॉलीवरून पडून नडगी मोडलेल्या एका ऊसतोड बाईला तिच्या टोळीतल्या माणसांनी असेच बांधून माझ्याकडे आणले होते. वर तिच्याच लुगड्याच्या पट्ट्या होत्या. मी ते बांधकाम न उलगडता तसेच जिल्ह्याच्या गावी पाठवले. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा मला रात्री फोन आला. त्यांनी पहिल्यांदा विचारले, "हे कोणी बांधले?" मी म्हटले, "ज्यांनी ऊस तोडला त्यांनी."

एक नियम मात्र पाठ करा. फळी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे धरून असली पाहिजे. नडगी मोडली तर गुडघा आणि घोटा दोन्ही धरले पाहिजेत. कोपर ते मनगट यांमध्ये मोडले असेल तर कोपर आणि पंजा. आखूड फळीने काम होत नाही. उलट ती टोकाशी टेकू देते आणि मोड जास्त हलते. दुसरे म्हणजे फळी आणि कातडी यांच्यामध्ये मऊ घडी हवीच. टॉवेल, जुने धोतर, कापूस, मफलर काहीही चालेल. घोट्याच्या, कोपराच्या टोकाशी ती जरा जास्तच घालावी, कारण तिथे हाड कातडीला भिडलेले असते. तिसरे, बांधायला रुंद पट्ट्या घ्याव्यात. ओढणी, उपरणे, गमछा, फाडलेली साडी चालेल. सुतळी, तार, काथ्या, नायलॉनची दोरी नको. गाठ फळीवर मारावी, अंगावर नाही. आणि नेमक्या मोडलेल्या जागेवर पट्टी येऊ देऊ नये. तिच्या वर एक, खाली एक.

हात-पाय वाकडा झाला असेल तर सरळ करायच्या फंदात पडू नये. आहे त्या आकारात, लागेल तेवढी घडी घालून बांधावे. हाड बाहेर आले असेल तर आत ढकलू नये. त्यावर हळद, चुना, राख, चहाची पावडर काही टाकू नये. स्वच्छ कापडाने झाकावे, एवढेच. हळद स्वयंपाकघरात फार गुणी आहे, उघड्या हाडावर नाही.

बांधून झाले की हाताला झोळी द्यावी. ओढणी किंवा साडीचा चौकोनी तुकडा तिरपा दुमडला की त्रिकोण होतो. त्यात हात असा ठेवायचा की पंजा कोपरापेक्षा किंचित वर राहील. गळपट्टीचे हाड, म्हणजे खांद्याजवळचे, मोडले तर फळी लागत नाही, झोळीच पुरते. कोपरच दुखावला असेल आणि वाकत नसेल तर वाकवू नये. बोट मोडले तर शेजारच्या बोटाला बांधावे. घोट्यासाठी उशी सर्वांत चांगली. पाय तिच्यात लपेटून घ्यावा आणि वरून दोन पट्ट्या बांधाव्यात.

पायासाठी काहीच मिळाले नाही तर? जखमीचा दुसरा पाय आहेच. दोन्ही पायांच्या मध्ये गोधडी किंवा टॉवेलची घडी ठेवायची. चांगला पाय मोडलेल्या पायाजवळ न्यायचा, मोडलेला पाय चांगल्याजवळ ओढायचा नाही. मग पावले, गुडघे आणि मोडीच्या वर-खाली अशा पट्ट्या बांधायच्या. मांडी मोडली असेल आणि लांब फळी मिळाली, तर ती काखेपासून टाचेच्या खालीपर्यंत हवी. घरोघरच्या म्हातारपणाचाही हाच उपाय. आजी न्हाणीघरात घसरल्या, उठता येत नाही, पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला कलंडलेला दिसतो, म्हणजे खुब्याजवळ हाड मोडले आहे. अशा वेळी "जरा उभ्या राहून बघा" असे म्हणून दोन सुनांनी काखेत हात घालून आजींना चालवू नये. दोन पायांमध्ये उशी ठेवावी, पाय एकमेकांना बांधावेत, चादरीवर घेऊन चौघांनी उचलावे आणि बाजेवर किंवा रुंद फळीवर आडवे ठेवून न्यावे. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील, तर मात्र रुग्णवाहिका येईपर्यंत जागचे हलवूच नये. तिथे घरगुती कारागिरी कामाची नाही.

आता त्या इशाऱ्याविषयी. या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी हे विसरू नका.

काही वर्षांपूर्वी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला. चिंचेवरून पडून कोपराजवळ मोडले होते. परगावच्या एका हाडवैद्याकडून कामट्या बांधून घेतल्या होत्या आणि आणले तिसऱ्या दिवशी. मुलगा दोन रात्री रडत होता. घरच्यांना वाटले, मोडले आहे तर दुखणारच. तिसऱ्या दिवशी रडणे थांबले म्हणून त्यांना बरे वाटले होते. मला त्या शांततेचीच भीती वाटली. बोटे फुगलेली, काळसर, थंड. टाचणी टोचली तर कळत नव्हते. कामट्या कापल्या, त्याच गाडीने पुढे पाठवले. हात वाचला, पण बोटे पक्ष्याच्या नखरासारखी आत वळून राहिली. आज तो तरुण आहे. डाव्या हातानेच सगळे करतो. परवा दवाखान्यात आला तेव्हा नाव विचारले तर मला ओळखले नाहीत का म्हणून हसला, आणि नकळत उजवा हात खिशात घातला.

या प्रकाराला वैद्यकशास्त्रात फोकमन या जर्मन शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने त्याचे वर्णन १८८१ साली केले. घट्ट बांधणीमुळे किंवा आतल्या सुजेमुळे स्नायूंचे रक्त तुटते. रक्ताविना स्नायू पाच-सहा तास तग धरतो, मग मरतो. मेलेला स्नायू आक्रसतो आणि बोटांना कायमचा आत ओढून धरतो. मोडलेले हाड जुळवता येते, गेलेला स्नायू परत येत नाही.

म्हणून बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर दर पंधरा मिनिटांनी बोटे तपासायची. हातापायाची बोटे नेहमी उघडी ठेवायची, ती याचसाठी. नख दाबा. पांढरे होईल. सोडले की दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. बोटे दुसऱ्या हातापायाच्या बोटांइतकी उबदार आहेत का? स्पर्श कळतो का? मुंग्या येतात का? बांधल्यावर वेदना कमी व्हायला हवी. ती वाढत चालली, बोटे हलकेच ताणली तरी रोगी ओरडतो, तर पट्ट्या ताबडतोब सैल करा. कोणी बांधले, किती पैसे दिले, डॉक्टर रागावतील का, याचा विचार करू नका. प्लास्टर घातलेल्या हातालाही हाच नियम. प्लास्टरनंतर रात्री बोटे सुजून काळी-निळी पडू लागली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा. झोपेतून उठवले म्हणून कोणताही डॉक्टर तुम्हाला या कारणासाठी बोलणार नाही. बोलला तर बोलू द्या.

हाडवैद्यांशी माझे वैर नाही, हेही इथेच सांगून टाकतो. त्यांच्यातले काही जण हाताने चाचपून मोड ओळखण्यात तरबेज आहेत आणि अवघड दिसले की स्वतःच "आधी फोटो काढून या" म्हणून पाठवतात. माझा राग आहे तो 'जितके घट्ट तितके मजबूत' या समजुतीवर. आणि ती केवळ त्यांचीच आहे असेही नाही.

एक शंका नेहमी विचारली जाते. रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला हात लावला तर पोलिसांचे लचांड मागे लागत नाही का? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आले. सद्भावाने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा बघ्यांच्या गर्दीत उभे राहून चित्रफीत काढण्यापेक्षा गळ्यातला गमछा सोडा.

वाटेत जखमीला चहा, पाणी, लिंबू सरबत पाजू नये. ही आपल्याकडची माया मी समजू शकतो, पण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची झाली तर पोट रिकामे लागते. ओठ सुकले तर ओल्या कापडाने पुसावेत. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून सुजेच्या कडेला दहा-पंधरा मिनिटे धरावा. चोळू मात्र काहीही नये, मग ते कितीही पिढ्यांचे रामबाण तेल असो.

येत्या रविवारी घरातल्या मुलांना बसवून हा प्रयोग करून पाहा. एकाने जखमी व्हायचे, दुसऱ्याने बांधायचे, तिसऱ्याने नख दाबून तपासायचे. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, तिसऱ्यांदा पाच मिनिटे. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि रद्दीवाल्याला चार अंक कमी पडतात, एवढेच.

दवाखान्यात पोहोचल्यावर फळी आपणहून सोडू नका. कागद, पुठ्ठा, कापड यांतून क्ष-किरण आरपार जातात, त्यामुळे फोटो बांधलेल्या स्थितीतही निघतो. छत्री किंवा लोखंडी पट्टी असेल तर तिची सावली फोटोत येते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावी लागते. छत्री तुम्हाला परत मिळेल. ओढणी मात्र आम्ही बहुधा कात्रीनेच कापतो, तेवढे जखमीच्या बहिणीला आधी सांगून ठेवा.